एकास चोवीस प्रमाणातले पोचे

गाड्यांची छोटी मॉडेल्स जोडून रंगवणे ही कला आहे असे जे म्हणतात, त्यांनी खोक्यातले सूचनापत्रक वाचलेले नसते! हे मत मी आजवर अनेकांना ऐकवले आहे आणि त्यातल्या बहुतेकांनी नंतर माझ्याकडे येणे सोडले आहे. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात, चौकटीत सुटे भाग असतात, प्रत्येक भागावर क्रमांक असतो आणि कोणता क्रमांक कशाला चिकटवायचा हे चित्र काढून सांगितलेले असते. यात प्रतिभेने शिरावे कुठून? लागते ती धारदार कटर, बारीक कानस, न थरथरणारा हात आणि डिंक ओला असताना पंखा न लावणारी बायको. पहिल्या तीन गोष्टी मजजवळ होत्या.

शिवाय व्यवसायाने मी गंजतज्ज्ञ आहे. प्रयोगशाळेत पत्र्याचे तुकडे मिठाच्या पाण्याच्या धुक्यात टांगायचे आणि ते कसे सडतात ते पाहायचे, हे माझे काम. "आणि याचा पगार देतात?" असे सासऱ्यांनी लग्न ठरताना विचारले होते, त्यांचे अजून पूर्ण समाधान झालेले नाही. इतर छंदिष्ट मॉडेलवर गंज दाखवायचा झाला की तपकिरी रंग फासतात. मी लोखंडाचा कीस गंजवून खरा गंज लावतो. माझ्या कपाटातला सिमेंट मिक्सर, अग्निशामक बंब आणि तेलाचा टँकर पाहून एका जाणकाराने नाकाला रुमाल लावला होता! याहून मोठे प्रशस्तिपत्र मला ठाऊक नाही.

एके दिवशी बाबा वर आले, कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्या जगाच्या गाड्या आहेत यात. आपली नाही?"

बाबा खालच्या मजल्यावर राहतात. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून तिथे रेडिओ लागत नाही आणि जेवायला हाक मारली की "आलो" असे उत्तर येते, माणूस येत नाही. दिवसातून एकदाच ते स्वतः होऊन हालचाल करत. दुपारी जुनी निळी गाडी बाहेर काढत, कुठेतरी जात आणि ऊन कलायच्या आत परत येत. कुठे जाता, असे विचारायची सोय नव्हती. आई असताना त्यांना जी उत्तरे द्यावी लागत, त्यांचा कोटा संपला असावा.

हे गाडी चालवणेच ताईला बंद करायचे होते. ताई मुख्याध्यापिका आहे. तिच्यासमोर बोलायचे तर वडीलसुद्धा आधी हात वर करतात. तिने फोनवर जाहीर केले, "रविवारी येते आणि चावी घेऊन जाते."

"पुरावा काय?" मी विचारले.

"वय!"

"वय हा पुरावा नव्हे, ते अनुमान झाले. बाबांनी केलेला एक अपघात दाखव."

"दाखवण्यासाठी आधी व्हायला हवा का रे मेल्या?"

"विज्ञानात तसेच असते."

"तुझ्या विज्ञानाला लागो आग!" ताईने फोन ठेवला.

खाली बाबांच्या कानावर हे गेले असणार, कारण संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठले. "रविवारी तू माझ्या बाजूने बोलशील ना?"

"मी पुराव्याच्या बाजूने बोलेन, बाबा. पण काळजी करू नका, पुरावा तुमच्याच बाजूने आहे."

बाबांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे आपण 'हा पूल मजबूत आहे' अशी पाटी लावलेल्या पुलाकडे पाहतो. "ती गाडी राहू दे रे माझ्याकडे," एवढेच ते म्हणाले आणि कठडा धरून उतरले. मुलाला असे काही सांगायची वेळ त्यांच्यावर पूर्वी कधी आली नव्हती, हे मला दिसले. मी ठरवले: रविवारी सर्वांसमक्ष ही गाडी वाचवायची आणि तिची प्रतिकृती बाबांच्या हातात ठेवायची. दोन्ही कामे माझ्या आवाक्यातली होती!

त्याच बनावटीचा संच मिळाला. पण तो नव्या गाडीचा होता, चकचकीत. मी व्हर्निअर कॅलिपर घेऊन अंगणात गेलो आणि गाडीच्या कडेला उकिडवा बसलो. बाबा पायऱ्यांवर आले.

"काय करतोस?"

"पोचे मोजतोय."

"कशाला?"

"चोवीसने भागायला. मॉडेल एकास चोवीस प्रमाणात आहे. म्हणजे पोचाही चोविसाव्या हिश्श्याचा हवा."

बाबा खाली उतरून आले. "पोचे नकोत. नवी आणली तेव्हाची कर. तुझी आई पहिल्यांदा बसली तेव्हाची."

"तेव्हाची गाडी मला मोजता येणार नाही, बाबा. समोर उभी आहे ती येते."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मागच्या मडगार्डवरचा पोचा पुसू लागले.

"पुसून जात नाही तो," मी म्हणालो.

"माहीत आहे," बाबा म्हणाले, आणि पुसत राहिले.

इथे कोणत्याही सामान्य बुद्धीच्या माणसाने विचारले असते की हे पोचे आले कुठून. मी खोली किती ते पाहिले.

काम अप्रतिम झाले, असे म्हणणे हा गर्व नसून नोंद आहे. चमच्याची पाठ गरम करून प्लास्टिकवर अलगद दाबली की पोचा हुबेहूब उठतो. दाराखालचा ओरखडा सुईने काढला, नंबरप्लेट एका केसाच्या कुंचल्याने लिहिली, सायलेन्सरच्या तोंडाशी घरचा ताजा गंज लावला. बायको दारातून म्हणाली, "लोक घरातला गंज काढतात. आमच्याकडे बाहेरून आणून लावतात!"

आता राहिली चाचणी. मॉडेल खरे वाटते की नाही, हे करणाऱ्याने ठरवायचे नसते; त्याची नजर दूषित असते. पाहणाऱ्याला आधी काही सांगितले तर त्याचीही होते. म्हणून निरीक्षक अनभिज्ञ हवेत. असे अनभिज्ञ निरीक्षक मोठ्या संख्येने एकाच जागी कुठे मिळतात? कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर!

शनिवारी दुपारी मी मॉडेल गच्चीत नेले. कुंडीतली माती चाळून पसरली, त्यावर गाडी ठेवली आणि जमिनीला गाल लावून फोटो घेतला. जमीन उंचसखल होती, त्यामुळे एक चाक अधांतरी राहिले. त्याच क्षणी पुढचा बंपर एका बाजूने निखळून लोंबू लागला. डिंक पुरता वाळला नव्हता. पण चाचणी रंगाची होती, बंपरची नव्हे. मी फोटो पाठवला. सोबत एक शब्दही लिहिला नाही, कारण लिहिला असता तर निष्कर्ष बिघडले असते. मग फोन आवाज बंद करून ठेवला, खोलीचे दार आतून लावले, बंपर पुन्हा चिकटवला आणि पारदर्शक वॉर्निशचा फवारा मारायला घेतला. ओल्या वॉर्निशवर धुळीचा एक कण बसला तर तो एकास चोवीस प्रमाणात दगड दिसतो.

वॉर्निशचा पहिला हात मारून होतो न होतो तोच दारावर धडाधडा थापा पडू लागल्या.

"अहो! दार उघडा! बाबांची गाडी!"

मला आनंद झाला. पहिलाच निरीक्षक, आणि ओळख अचूक. "ओळखलीस?" मी आतून विचारले.

"ओळखलीस काय? नंबर दिसतोय त्यावर! अहो, खड्ड्यात गेलीय!"

"तो खड्डा नाही, मोगऱ्याची माती आहे."

"बंपर लोंबतोय!"

"लोंबत होता. आता बसवला."

 बाहेर ती रडायला लागली. मॉडेल पाहून कुणी रडल्याची नोंद छंदाच्या इतिहासात नसावी! मी भारावून दार उघडले. तिचा चेहरा पाहिला आणि माझ्या हातातला फवाऱ्याचा डबा खाली आला.

"बाबा कुठे आहेत?" ती म्हणाली.

"रोजच्यासारखे गाडी घेऊन..." एवढे म्हणून मी थांबलो. आता मलाही समजले.

फोन उचलला. चाचणीचा निकाल आला होता, आणि तो निर्विवाद होता. ताई: 'हे कुठे झालं? फोन उचल!' ताई: 'बाबा फोन घेत नाहीयेत!!' ते घेणार नव्हतेच. गाडी चालवताना फोन घेऊ नये हा नियम आमच्या घराण्यात फक्त बाबा पाळतात. मावशी: 'कोणत्या हॉस्पिटलात नेलं?' धाकटे काका चष्म्याशिवाय फोन पाहतात आणि गंभीर फोटो दिसला की एकच मजकूर टाकतात. त्यांनी तो टाकला होता: 'भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याखाली ओळीने अकरा नमस्कार! आणि सगळ्यांत शेवटी माझे मेव्हणे, ताईचे यजमान. ते विमा कंपनीसाठी ठोकरलेल्या गाड्यांची पाहणी करतात. कुणाच्या घरी गेले तरी आधी दारातल्या गाडीला प्रदक्षिणा घालतात, मग माणसांना भेटतात. त्यांनी लिहिले होते: 'चेसिस गेली असेल. गाडी हलवू नका. निघालो.'

मी लिहिले, 'ही गाडी खोटी आहे.' कुणी विश्वास ठेवला नाही. काकांनी उत्तर दिले, 'अशा वेळी मन मानत नाही, बाळा.'

ताई आणि भावोजी पोचले तेव्हा अंगणात शेजारी जमले होते. कुणीतरी खुर्च्या आणून मांडल्या होत्या. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी, कुणी न सांगता, बोलण्याचा आवाज खाली आणला होता. ताई गाडीतून उतरली ती माझ्या छातीवर मुठी मारतच. "पुरावा पाहिजे होता ना तुला? मिळाला? मिळाला?"

"ताई, ऐक! ते मॉडेल आहे! मी बनवलेलं!"

"आता तरी खोटं बोलू नकोस रे!"

मी धावत वर गेलो, मॉडेल आणले आणि तळहातावर धरून सर्वांना दाखवले. ताई त्या तळहाताकडे पाहत राहिली. शेजाऱ्यांपैकी एकाने माझ्या बायकोला हळूच विचारले, "यांना धक्का बसलाय का?"

नेमके तेव्हा फाटकातून निळी गाडी आत आली. नेहमीप्रमाणे हळू. बाबा उतरले, खुर्च्या पाहिल्या, माणसे पाहिली, रडून लाल झालेली मुलगी पाहिली. त्यांचा चेहरा पडला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारले.

 पोस्टमास्तर घसा खाकरून म्हणाले, "तसं आता... कुणीच नाही."

ताई बाबांच्या गळ्यात पडली. शेजारी खुर्च्या उचलून निघाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता, पण त्यात थोडी निराशाही मिसळलेली होती. मला वाटले, संपले. आता मला शिव्या पडतील, चहा होईल आणि उद्या मी बाबांची बाजू मांडेन. शिव्या पडल्याही. ताईने मला शाळेतल्या सर्व इयत्तांतल्या शिव्या दिल्या. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मला त्यांच्या ओठांच्या कडेला हसू दिसले.

भावोजींचे मात्र इकडे लक्ष नव्हते. त्यांनी मॉडेल माझ्या हातातून घेतले होते. खिशातून भिंग काढले होते.

"काम उत्तम आहे," ते म्हणाले.

"धन्यवाद, भावोजी! शेवटी कुणीतरी तसे म्हणाले!" मी म्हणालो.

"पोचे मनाने काढलेत?"

"छे! प्रत्येक पोचा मोजून काढलाय. मूळ गाडीवर आहेत तेवढेच, तिथेच, त्याच खोलीचे." हे वाक्य मी अभिमानाने उच्चारले. माणसाने आयुष्यात काही वाक्ये गिळायला शिकले पाहिजे.

"हं," भावोजी म्हणाले. खऱ्या गाडीवर धूळ असते, ऊन चकाकते, माणूस तिच्या अवतीभवती फिरतो आणि एका वेळी एकच बाजू पाहतो. इथे संपूर्ण गाडी त्यांच्या तळहातावर होती. ते ती फिरवू लागले. "ही डाव्या दाराखालची रेघ. एकदा नाही लागलेली, एकाच उंचीवर बऱ्याचदा. फाटकाचा खांब. हा मागचा, गाडी मागे घेताना. हाही मागे घेतानाच. हा आरसा मोडून परत बसवलाय." त्यांचा आवाज कामावरचा झाला होता, समोर सासरे बसले आहेत हे ते विसरले असावेत. "आणि हा पुढचा, दिव्याजवळचा. हा भिंतीचा नाही. रंग उडालेला नाही, पत्रा नुसता आत गेलाय. समोरची वस्तू मऊ होती. किंवा हलली. बाबा, हे काय होतं?"

ताईने माझ्याकडे पाहिले. "तू हे सगळं मोजलंस? आणि मला फोनवर सांगितलंस की पुरावा नाही?"

"मी... खोली मोजली," मी म्हणालो.

"बाबा," भावोजी हलकेच म्हणाले, "काय होतं ते?"

बाबांच्या ओठांवरचे हसू केव्हाच गेले होते. "कचऱ्याची पेटी," ते म्हणाले. "प्लास्टिकची, मोठी. परत यायला उशीर झाला होता, दिवे लागले होते. मला हल्ली दिवे दोन-दोन दिसतात." ते थांबले. "पेटी होती हे नंतर कळलं. लागली तेव्हा मला वाटलं, माणूस आहे. दार उघडून खाली उतरेपर्यंत मला तेच वाटत होतं."

 माझी बायको आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली आणि तो कुणाला द्यावा हे न कळून तशीच उभी राहिली.

"तेव्हाच सांगायचं ना, बाबा," ताई म्हणाली. तिचा मुख्याध्यापिकेचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"सांगितलं असतं तर चावी गेली असती." बाबांनी खिशात हात घातला आणि चावी टेबलावर ठेवली. "घे. उद्यापर्यंत कशाला थांबायचं?"

गंमत अशी की, महिनाभर जिने या चावीसाठी रान उठवले होते, तिला ती आता उचलवेना. ती चावीकडे बघत राहिली आणि मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. तिला एकदम पुन्हा मुख्याध्यापिका होण्याचा मार्ग सापडला होता.

"तू ने रोज त्यांना!"

"मी? मला प्रयोगशाळा आहे!"

"तुझे पत्रे तू नसतानाही गंजतील!"

शास्त्रीयदृष्ट्या हे विधान अचूक असल्याने मी रजेचा अर्ज लिहायला घेतला.

सोमवारी दुपारी मी रजा टाकून चाकामागे बसलो. बाबा शेजारच्या सीटवर बसले. त्या सीटवर बसायची त्यांना सवय नव्हती. पट्टा कोणत्या बाजूने ओढायचा हे त्यांनी आधी चुकवले. आई ज्या ठिकाणी पाय टेकवायची तिथला रबर झिजलेला होता, तिथे त्यांनी पाय ठेवले नाहीत, अवघडून मागे घेतले.

"कुठे जायचं?"

"सरळ. सांगतो."

डावीकडे, उजवीकडे, पुलाखालून. माझ्या लक्षात रस्ता अर्ध्यावर आला. हॉस्पिटलच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, बाबांनी थांबायला सांगितले. "इंजिन बंद कर. पेट्रोल जळतं." आम्ही बसून राहिलो. लोक डबे घेऊन आत जात होते, रिकामे डबे घेऊन बाहेर येत होते. आईच्या शेवटच्या आजारात भेटीची वेळ दुपारचीच होती. बाबांनी काही समजावून सांगितले नाही आणि मीही, आयुष्यात प्रथमच, काही विचारले नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने घंटा वाजवली, आत गेलेले लोक बाहेर पडू लागले.

"झाली वेळ," बाबा म्हणाले. "चल."

परतताना ते सूचना देऊ लागले. दुसऱ्या गिअरमध्ये ओढू नको, त्या रिक्षाला जाऊ दे, क्लचवर पाय ठेवून बसू नको, तो काय पाळणा आहे? मी सर्व ऐकून घेतले. मला त्यांच्या आवाजात जरा जीव आल्यासारखा वाटला, आणि हे निरीक्षण मी पुढील पुष्टीसाठी राखून ठेवले. माझे डोळे उत्तम आहेत, ऊन लख्ख होते, वेग नगण्य होता. मी सफाईने गाडी आमच्या फाटकात वळवली.

खर्रर्रर्र!

आम्ही दोघे उतरलो. डाव्या दारावर, जुन्या रेघेच्या बोटभर वर, नवी कोरी रेघ उमटली होती. गॅलरीत बायको आली, तिने खाली पाहिले आणि आत निघून गेली. ती हसली असती तर बरे झाले असते.

"खांब जरा आत आलाय, बाबा," मी म्हणालो.

बाबा वाकले. त्यांनी रेघेवरून बोट फिरवले, अगदी शेवटपर्यंत.

"मोजून घे," ते म्हणाले. "आणि तुझ्या त्या गाडीवरही काढ. पण माझ्या नावावर टाकू नकोस!"